बिल्ल्यावर नाव कुणाचं?

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही ओहायोत, कोलंबसच्या उपनगरात राहतो. आमचा एकोणीस वर्षांचा मुलगा कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून उन्हाळ्यासाठी घरी आला आहे. मे अखेरपासून तो एका पेस्ट कंट्रोल कंपनीसाठी घरोघरी जाऊन ऑर्डरी घेतो. पगार नाही, फक्त कमिशन. गेल्या गुरुवारी संध्याकाळी साडेसातला कुणीतरी फोन केल्यामुळे पोलीस आले. त्यांनी घरोघरी विकण्यासाठी लागणारं ‘सॉलिसिटर परमिट’ मागितलं. याच्याकडे होता तो कंपनीचा बिल्ला. पोलीस सभ्यपणे बोलले, पण हातात साइटेशन, म्हणजे नियम मोडल्याची नोटीस, दिलं आणि कोर्टाची तारीखही. त्याचा टीम लीडर म्हणतो, ‘सगळ्यांनाच मिळतं, भरून टाक, कंपनी पैसे देईल. आपण राज्यात रजिस्टर्ड आहोत.’ यांनी तर हे काम आजच सोड म्हणून घर डोक्यावर घेतलंय. आमची ग्रीनकार्डं आहेत, दोन-तीन वर्षांत सिटिझनशिपचा अर्ज करायचा आहे. हा गुन्हा धरतात का? आणि आमच्या दारावर दर शनिवारी धर्मप्रचार करणारी माणसं येतात, त्यांना कुणी परमिट विचारत नाही. मग माझ्या मुलालाच का? रात्री झोप लागत नाही.

– एक आई


ताई,

कोर्टाची तारीख अजून गेलेली नाही, हे वाचून मला हायसं वाटलं. म्हणून आधी एवढंच सांगते, की घाईने दंड भरू नका आणि ती तारीख कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका. दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. टीम लीडरच्या दृष्टीने तो पार्किंगच्या पावतीसारखा किरकोळ खर्च असेल, पण कबुली तुमच्या मुलाच्या नावावर लागते, कंपनीच्या नाही. आणि न भरता, न जाता तारीख उलटली तर परमिटचा साधा मामला बाजूला राहतो आणि वॉरंट निघतं.

तो कागद समोर घ्या. त्यावर कलमाचा क्रमांक असेल आणि जवळच गुन्ह्याची पायरी लिहिलेली असेल. ओहायोत ‘मायनर मिसडिमीनर’ ही सगळ्यांत खालची पायरी. तिला जास्तीत जास्त १५० डॉलर दंड, तुरुंगवास नाही. त्याच्या वरची ‘फोर्थ डिग्री’, तिला २५० डॉलरपर्यंत दंड आणि ३० दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. परमिटशिवाय दारोदार फिरण्याला कुठली पायरी लावायची हे प्रत्येक शहर आपापल्या नियमात ठरवतं, म्हणून शेजारच्या गावात कुणाला काय झालं यावरून अंदाज बांधू नका. पहिल्याच वेळी आणि निव्वळ परमिट नसण्यासाठी कुणाला आत टाकतील असं मला वाटत नाही. तरी कागदावर नेमकं काय लिहिलंय ते आजच पाहा.

आता ग्रीनकार्ड. परमिट न काढल्याचा असा एखादा दंड ग्रीनकार्ड घालवणाऱ्या गुन्ह्यांत सहसा बसत नाही, तेव्हा आज रात्री झोपा. पण सिटिझनशिपच्या अर्जात, म्हणजे एन-४०० मध्ये, ‘तुम्हाला कधी अटक झाली, साइटेशन मिळालं का’ असा सरळ प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर खरंच द्यावं लागतं. दंड लहान होता, केस रद्द झाली, तरीही. लोक अडचणीत येतात ते बहुतेक वेळा मूळ गोष्टीमुळे नाही, ती लपवल्यामुळे. म्हणून निकाल काहीही लागो, कोर्टाच्या शिक्क्याची निकालाची प्रत घेऊन फाइलला लावून ठेवा. आणि कोर्टात काही कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोला. पुष्कळ कॉलेजांत विद्यार्थ्यांसाठी वकिलांचं कार्यालय असतं, तिथून सुरुवात केली तरी चालेल.

आता परमिटविषयी. या विषयावर मी जरा जास्तच बोलेन. एका लहान शहराच्या सिटी क्लार्कच्या कार्यालयात, अर्ज घेण्याच्या खिडकीमागे मी काही वर्षं बसले आहे. दर उन्हाळ्यात तुमच्या मुलासारखी मुलं यायची. घामेजलेली, गळ्यात कंपनीचा बिल्ला, हातात टॅब्लेट. त्यातली अर्धीअधिक साइटेशन मिळाल्यानंतर यायची, आणि सगळ्यांचं वाक्य एकच असायचं: ‘मला सांगितलं होतं की कंपनीचं लायसन्स आहे.’

कंपनीचं लायसन्स खरंच असतं. राज्याकडे कंपनीची नोंदणी असते, कीटकनाशक फवारण्यासाठी राज्याच्या शेती खात्याचं लायसन्स असतं. पण तुमच्या दाराची घंटा वाजवायची परवानगी यातलं काहीच देत नाही. ती शहर देतं, आणि बहुतेक शहरं ती माणसाला देतात. अर्जावर माणसाचं नाव, फोटो, जन्मतारीख, कुठल्या गाडीने फिरणार, कुणासाठी काम करतो. मग पोलीस त्याची पार्श्वभूमी तपासतात, काही ठिकाणी बोटांचे ठसे घेतात, फी भरावी लागते, काही शहरं बाँडही, म्हणजे पैशांची हमीही, मागतात. मग शहराचा स्वतःचा बिल्ला मिळतो, फोटोसकट, मुदतीसकट. तो दुसऱ्याला वापरायला देता येत नाही. टीम लीडरकडे असलं तरी ते टीमला चालत नाही. या सगळ्याला कुठे दोन दिवस लागतात, कुठे दोन आठवडे. कंपन्या इथेच घाई करतात. मोसम तीन महिन्यांचा, आणि परमिट येईपर्यंतचा प्रत्येक दिवस त्यांना बुडालेला वाटतो. मग मुलांना ‘जा, काही होत नाही’ म्हणून पाठवतात. याचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. कारण रस्त्यावर उभं राहतं ते एकोणीस वर्षांचं पोर, आणि निर्णय घेणारा माणूस फोनच्या पलीकडे असतो.

नावांचा एक घोळही समजून घ्या. आपल्याकडे सॉलिसिटर म्हटलं की वकील डोळ्यांपुढे येतो. इथल्या नियमांत सॉलिसिटर म्हणजे ऑर्डर घेऊन सेवा किंवा माल नंतर पोचवणारा. माल हातात घेऊन जागच्या जागी विकतो तो पेडलर. आणि काहीच न विकता मत मागतो, सह्या गोळा करतो, पत्रकं वाटतो तो कॅनव्हासर. तिघांना नियम सारखे नसतात. शनिवारच्या लोकांबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच फरकात आहे. त्याला नव्वद वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

१९३१ साली वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर या रेल्वेच्या गावाने नियम केला, की न बोलावता घरी येऊन विकणं हा उपद्रव समजला जाईल आणि त्याला शिक्षा होईल. गावातली पुष्कळ माणसं रेल्वेत रात्रपाळी करायची आणि दिवसा झोपायची. फिरत्या विक्रेत्यांच्या घंटांनी त्यांची झोप मोडायची. ब्रश विकणारी फुलर ब्रश कंपनी त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि १९३३ साली हरली. मग देशभरच्या गावांनी तोच नियम उचलला. आजही अशा नियमांना ‘ग्रीन रिव्हर ऑर्डिनन्स’ म्हणतात. १९५१ साली लुइझियानातल्या अलेक्झांड्रिया शहराचा असाच नियम सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. तिथे मासिकांच्या वर्गण्या गोळा करणारा विक्रेता हरला, शहर जिंकलं.

आता तुमच्या ओहायोत या. यंग्सटाउनजवळ स्ट्रदर्स नावाचं लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचं गाव आहे. तिथेही रात्रपाळ्या, तिथेही दिवसा झोपणारे कामगार, आणि पत्रकं वाटण्यासाठी घंटा वाजवू नये असा नियम. यहोवाज विटनेसेस पंथाच्या एका बाईने धार्मिक सभेची पत्रकं वाटली म्हणून तिला १० डॉलर दंड झाला. १९४३ साली सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तो नियमच रद्द केला. नियमामागचं कारण तेच होतं, झोप. पण न्यायमूर्तींचं म्हणणं असं, की कुणाशी बोलायचं आणि कुणाला दारातून परत पाठवायचं हे घरमालकाने ठरवावं, शहराने सगळ्यांच्या वतीने परस्पर ठरवू नये. पुढे २००२ साली ओहायोतल्याच स्ट्रॅटन या छोट्या खेड्याचा नियम आला. तिथे घरोघरी जाणाऱ्या प्रत्येकाने, धर्मप्रचारकानेसुद्धा, आधी परमिट घ्यायचं होतं. ते फुकट होतं, पण घ्यायचं. कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी तेही रद्द केलं. आपल्या शेजाऱ्याशी देवाधर्माबद्दल किंवा राजकारणाबद्दल बोलायला सरकारची आगाऊ परवानगी लागावी, हे मोकळ्या समाजाला शोभत नाही, असा त्या निकालाचा गाभा. पण त्याच निकालात कोर्टाने हेही सुचवलं, की नियम फक्त विक्री आणि पैसे गोळा करण्यापुरता असता तर गोष्ट वेगळी असती.

म्हणून, ताई, शनिवारी येणाऱ्यांना परमिट लागत नाही आणि तुमच्या मुलाला लागतं. त्याला कुणी हेरलं, वेगळं काढलं, असं यावरून म्हणता येत नाही. ते बोलायला येतात, हा विकायला जातो. शहराचा सगळा अधिकार या रेषेवर उभा आहे. शाळेतल्या मुलांच्या वर्गण्या आणि धर्मादाय संस्थांचं काम पुष्कळ शहरं आपणहून वगळतात, तो भाग निराळा.

संध्याकाळी साडेसातचं तुम्ही मुद्दाम लिहिलंय, म्हणून तेही पाहते. काही शहरांत अमुक वाजल्यानंतर दार वाजवायचं नाही असा नियम असतो. तुमच्याकडच्या फेडरल अपील कोर्टाने २०१२ साली ओहायोतल्याच एंगलवुड शहराची संध्याकाळी सहानंतरची बंदी अडवली होती, पण तिथे एक नागरिक संघटना होती, विक्री नव्हती. कोलोराडोतल्या कॅसल रॉक गावाची सातनंतरची बंदी मात्र २०२० साली एका पेस्ट कंट्रोल कंपनीच्याच खटल्यात रद्द झाली. तो निकाल वेगळ्या भागाच्या फेडरल अपील कोर्टाचा आहे, ओहायोवर बंधनकारक नाही. टीम लीडर हे निकाल मुलाला ऐकवील अशी शक्यता आहे. मुलाला सांगा, त्याला साइटेशन वेळेचं मिळालेलं नाही, परमिटचं मिळालेलं आहे. वेळेची बंदी शंभर ठिकाणी रद्द झाली तरी परमिट लागतंच.

आता एक खड्डा दाखवते, ज्यात हुशार मुलंसुद्धा पडतात. टपालाच्या पत्त्यातलं शहर म्हणजे कायद्याच्या हद्दीतलं शहर नव्हे. तुमच्याच भागात पॉवेल असा पत्ता असलेली पुष्कळ घरं प्रत्यक्षात लिबर्टी टाउनशिपमध्ये, म्हणजे शहराच्या हद्दीबाहेरच्या वेगळ्या स्थानिक कारभाराखाली, आहेत. डब्लिनचा पत्ता लिहिणारी काही घरं कोलंबसच्या हद्दीत येतात. टाउनशिपनाही फिरत्या विक्रेत्यांवर नियम करण्याचा अधिकार ओहायोच्या कायद्याने दिलेला आहे. एकाच दुपारी चालत चालत मुलगा दोन हद्दी ओलांडू शकतो, आणि एका शहराचं परमिट दुसऱ्या हद्दीत कागदाचा तुकडा ठरतं. कंपनीने दिलेल्या नकाशावर विसंबू नका. त्याने काउंटीच्या ऑडिटरच्या संकेतस्थळावर रस्ता शोधून करवसुलीची हद्द पाहावी, किंवा सरळ सिटी क्लार्कला फोन करावा. तो फोन उचलणारी माणसं उद्धट नसतात. आधी विचारायला येणारा मुलगा आम्हाला किती आवडायचा, हे त्या मुलांना कधी कळलं नाही.

परमिट मिळालं म्हणजे दार उघडलं असंही नाही. ‘नो सॉलिसिटिंग’ची पाटी असेल तर पाऊल मागे. काही शहरांत ‘दार वाजवू नका’ अशी नोंद केलेल्या घरांची यादी असते, ती परमिटबरोबर मागून घ्यायची. घरमालकाने जा म्हटलं की जायचं. त्यानंतर थांबलं तर प्रश्न परमिटचा राहत नाही, ट्रेसपासचा, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत बेकायदा थांबण्याचा होतो. दरवाजे बंद असलेल्या वसाहतींचे रस्ते पुष्कळदा खाजगी असतात, तिथे शहराचं परमिट दाखवून उपयोग नाही. आणि आई म्हणून तुम्हाला जे बोलायचं असेल आणि बोलवत नसेल ते मी बोलते. गव्हाळ रंगाचा तरुण मुलगा अंधार पडताना अनोळखी गल्लीत दारं वाजवतोय, हे चित्र प्रत्येक घरातून सारखं दिसत नाही. शहराचा बिल्ला छातीवर, दिसेल असा हवा. घराच्या मागच्या अंगणात, बोलावलं तरी, एकट्याने जायचं नाही. दिवेलागणीनंतर काम बंद. पोलीस आले तर हात दिसतील असे ठेवून शांतपणे बिल्ला दाखवायचा. यातलं बरंचसं त्याने गुरुवारी केलेलंच दिसतंय, त्याबद्दल त्याला शाबासकी द्या.

कंपनीशी झालेला करार मात्र तुम्ही दोघांनी बसून वाचा. बाहेर फिरून विकणाऱ्यांना फेडरल कायद्यात किमान वेतन आणि ओव्हरटाइम लागू नाही, म्हणून दहा तास फिरूनही हातात शून्य आलं तरी ते बेकायदा ठरेलच असं नाही. अशा करारांत कमिशनचा एक भाग बहुधा मोसम संपेपर्यंत रोखून धरतात आणि ग्राहकाने सेवा रद्द केली की कमिशन परत कापतात. दंड कोण भरणार, परमिटची फी कोण देणार, हे त्यात लिहिलेलं आहे का? टीम लीडरचं ‘कंपनी देईल’ हे तोंडी आहे. लिहून मागा. त्याला पगारी नोकर न धरता स्वतंत्र कंत्राटदार धरून कमाईचा १०९९ फॉर्म येणार असेल तर खर्च वजा जाता ४०० डॉलर किंवा जास्त कमाईवर त्याला स्वतःच १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स भरायचा आहे. कमिशनच्या आकड्याने हुरळून जाणाऱ्या मुलांना हे एप्रिलमध्ये, टॅक्स भरताना कळतं.

तीन दिवसांचा नियमही त्याला पाठ हवा. घरी झालेली २५ डॉलर किंवा त्याहून मोठी विक्री ग्राहक तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत रद्द करू शकतो. शनिवार कामकाजाचा धरतात, रविवार आणि फेडरल सुट्या नाही. ओहायोच्या स्वतःच्या कायद्यातही तीन दिवसच आहेत. विक्रेत्याने हे तोंडाने सांगायचं असतं आणि रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती द्यायच्या असतात. कंपनीने प्रशिक्षणात हे शिकवलं का, ते मुलाला विचारा. शिकवलं नसेल तर ही कंपनी परमिटबाबतही अशी का वागली ते मला कळतं.

काम सोडावं का? तुमच्या मिस्टरांचा राग मला समजतो, पण दारं वाजवून विकण्यात कमीपणा काही नाही. एकोणीसाव्या वर्षी शंभर नकार ऐकून एकशेएकावं दार वाजवणारा मुलगा मला आवडतो. रागापोटी काम सोडायला लावू नका. मुलाने कंपनीला ईमेलने एकच गोष्ट विचारावी: मी ज्या ज्या शहरात आणि टाउनशिपमध्ये जाणार, तिथलं माझ्या नावाचं परमिट कधी हातात देता? उत्तर येईपर्यंत घरी बसावं, एकही दार वाजवू नये. तारखेसकट उत्तर आलं आणि परमिटं आली, तर करू द्या काम. ‘काही होत नाही’ असं उत्तर आलं, तर त्याच दिवशी टॅब्लेट परत करावा आणि राहिलेल्या कमिशनचा हिशेब लेखी मागावा. या बाबतीत मी मिस्टरांच्या बाजूची आहे.

दरम्यान ज्या शहराने साइटेशन दिलं तिथे त्याने स्वतः जाऊन परमिटचा अर्ज करावा. अर्जात साइटेशनबद्दल विचारलं असेल तर खरं लिहावं. परमिट हातात घेऊन कोर्टात उभा राहिलेला मुलगा आणि नुसता ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणारा मुलगा, यांच्याकडे सरकारी वकील वेगळ्या नजरेने पाहतात. मी हे अनेकदा घडताना पाहिलंय, हमी मात्र कुणी देऊ शकत नाही. कोर्ट म्हणजे गावातलं ‘मेयर्स कोर्ट’, म्हणजे मेयरच्या अखत्यारीतलं छोटं कोर्ट, असेल तर निकाल पटला नाही तर दहा दिवसांच्या आत म्युनिसिपल कोर्टात अपील करता येतं, तिथे केस पुन्हा पहिल्यापासून चालते.

त्या दिवशी तुम्हीही बरोबर जा, पण बोलू द्या त्यालाच. जाताना साइटेशन, कंपनीचा करार, टीम लीडरचे मेसेज छापून, आणि परमिटच्या अर्जाची पावती असं सगळं एका फोल्डरमध्ये न्या. निकाल काय लागला ते मला नक्की कळवा.